बँकॉकला पहिल्यांदा जाताना : तुमचे अनुभव लिहा

चिंचबोरे :
आईच्या भिशीचा ग्रुप बँकॉकला निघालाय. काल आमच्या हॉलमध्ये मीटिंग झाली. बँकॉक म्हटल्यावर शेजारचे काका गालातल्या गालात हसले, तर खजिनदार काकूंनी सुनावलं, "भावजी, आम्ही देवळं बघायला चाललोय. तुमचं तुम्ही बघा."

त्यांचे प्रश्न ऐकता ऐकता मला आमची पहिली खेप आठवली. राजवाड्याच्या (ग्रँड पॅलेस) भिंतीपाशी इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ फार अदबीनं म्हणाला, आज दुपारपर्यंत बंद आहे, आत पूजा चाललीय, तोवर वीस बाथमध्ये टुकटुक रिक्षानं बाकीची देवळं दाखवतो. नवऱ्यानं त्याच्या मागच्या गेटकडे बोट दाखवलं. झुंडीनं माणसं आत जात होती. गृहस्थ ढिम्म. "ते थाई लोकांसाठी." 😀

तर बंद की उघडं हे फक्त गेटवर जाऊन बघायचं. त्या स्वस्त टुकटुकची वारी रत्नांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात संपते. तिकीट ५०० बाथ, साडेतीनला खिडकी बंद, खांदे नि गुडघे झाकलेले हवेत. बाकीचं तुम्ही लिहा. काकूंना प्रिंट काढून देणारे, तेव्हा जरा जपून.

मध्यमपदलोपी :
वाचनखूण साठवली. साडी चालते का राजवाड्यात?

चिंचबोरे :
चालते की. बिनबाह्यांचं ब्लाउज असेल तर पदर पुरत नाही म्हणे, बाह्यांचं घाला.

तरीवरचा :
ट्रॅफिकचं विचारूच नका. नदीनं फिरा. स्कायट्रेननं साफान ताक्सिनला उतरलं की खालीच साथोर्न धक्का. नारंगी झेंड्याची बोट पकडायची, सोळा-सतरा बाथ. निळ्या झेंड्याची टूरिस्ट बोट महाग, आणि तुम्हाला बघून तिकडेच पिटाळतात. तिकीटवाली बाई हातातला पत्र्याचा लांबट डबा खडखड वाजवत येते, नाणी त्यातच नि तिकिटंही त्यातच. एका हातानं झाकण उघडून सुटे देते, बोट कितीही हलू दे. धक्क्याला बोट टेकते न टेकते तोच मागचा पोरगा शिट्टी मारतो, की उतरा! गुडघेदुखीवाल्यांनी आधीपासून मागे येऊन उभं राहावं. वाट अरुण ('वाट' म्हणजे देऊळ) पलीकडच्या काठाला आहे. वाट फो देवळाजवळच्या ता तियेन धक्क्याहून पलीकडे न्यायला होडी असते, किरकोळ पैशात.

सुमी_ताई :
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. शाकाहारींनी 'जे' लक्षात ठेवा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं, इंग्रजी आकड्यात सतरा लिहिल्यासारखी दिसतात. तिथे मांस-मासे-अंडं काही नाही, आणि कांदा-लसूणही नाही. नुसतं व्हेज सांगितलं तर चिकन काढतात, पण फिश सॉस राहतो. तो नाम प्ला सगळ्यात असतो. पपईच्या सलाडमध्ये सुकट!! आंबा-भात बिनघोर खा, नारळाचं दूध असतं.

कोकणी_माणूस :
सुकट असेल तर आम्ही तेच खाणार 😋

सुमी_ताई :
तुम्हाला कोण अडवतंय.

दुर्गा_वाई :
ताई, कांदा-लसूण नाही हे भारीच. सासूबाईंचा चातुर्मास. बहुतेक आपल्या नवरात्राच्या सुमारास तिथल्या चिनी लोकांचा शाकाहाराचा सण असतो, यावारात या चायनाटाउनभर पिवळे झेंडे. सिलोम रस्त्यावर मरिअम्मन देवीचं देऊळ आहे, तिथेही नवरात्र असतं. पाऊस मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरात जबर.

कागदीघोडे :
अहो, कागदपत्रांचं कोणी लिहिणार आहे का? १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, सरकारी साइटवर, फुकट. पैसे मागितले की साइट बोगस समजा. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकिटं काढायच्या आधी दूतावासाच्या साइटवर पाहा. ई-सिगारेट नेऊ नका, बंदी आहे. एटीएमला दर खेपेला २०० बाथच्या वर कापतात, म्हणून एकदाच काढा. घड्याळ दीड तास पुढे.

बंडू_उवाच :
भिशीच्या काकूंना ई-सिगारेट 😂😂

खिडकीची_जागा :
सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. तिथे जेट स्प्रे असतो. बाटली घेऊन हिंडावं लागत नाही.

बंडू_उवाच :
हसून हसून पुरेवाट. +१००

दुर्गा_वाई :
हा मुद्दा पहिल्या पानावर घ्या हो.

कोकणी_माणूस :
जाता जाता, ड्युरियन हे उग्र वासाचं फळ हॉटेलात नेऊ देत नाहीत, दारावरच पाटी असते. बायकोनं रस्त्यावर उभ्या उभ्या खाल्लं. मी पलीकडच्या फुटपाथवर.

मध्यमपदलोपी :
म्हणजे आपला फणसच ना?

कोकणी_माणूस :
फणस?? कूळच वेगळं आहे त्याचं. असं राजापुरात बोलू नका, जेवायला मिळणार नाही.

अण्णा_परतले :
बाबांना घेऊन सकाळी लुंफिनी बागेत गेलो होतो. तळ्याकाठी ही लांबलचक घोरपड, माणसांना अजिबात भीत नाही. बाबा गाइडला यशवंतीची गोष्ट सांगू लागले, कोंढाणा इंग्रजीत कसा चढायचा ते त्यांना सुचेना. आठला राष्ट्रगीत लागलं. पळणारे, व्यायाम करणारे, सगळे होते तिथे थांबले. संध्याकाळी सहालाही लागतं, तुम्हीही थांबा. बाबांनी दोन्ही वेळा सॅल्यूट केला, फौजेतले ना.

दुर्गा_वाई :
बाबांना नमस्कार सांगा 🙏 कोणत्या रेजिमेंटला होते?

अण्णा_परतले :
सिग्नल्स. व्यक्तिगत निरोप करतो.

ऑन_नुटवाला :
इथेच राहतो, म्हणून थोडी भर. टॅक्सी मीटरनंच. सुरुवात ३५ बाथला होते. 'मीटर नाही' म्हणाला की दार लावा, मागून दुसरी येतेच. एमआरटी मेट्रोत टॅप करायचं क्रेडिट कार्ड चालतं. सेंट्रलवर्ल्ड मॉलच्या बाहेर त्रिमूर्ती आणि शेजारी गणपती आहे, चौकात एरावनचा चतुर्मुख ब्रह्मा. झेंडूच्या माळा तिथेच मिळतात. वाट फोला निजलेला बुद्ध ४६ मीटरचा, त्याच्या पायापाशी गर्दी होते. काकूंना पाठीमागे न्या. ओळीनं १०८ वाट्या आहेत, सुटी नाणी घेऊन एकेकीत टाकत जायचं. देवळाभर टण् टण् आवाज. बायकांनी भिक्खूंना हात लावू नये, वस्तूही थेट हातात देऊ नये. आणि घरचं खायचं झालं तर पाहुरात या भारतीय वस्तीत या. गुरुद्वाऱ्यात लंगर असतो.

चिंचबोरे :
वा, हे झकास. काकू लिहून घेतायत. खरेदी कुठे?

खिडकीची_जागा :
कपड्यांना प्रतुनाम बाजार. एक नग घेतला तर वेगळा भाव, तीन-चार घेतले की होलसेल. ग्रुपनं मिळून घ्या. घालून बघू देत नाहीत बऱ्याच ठिकाणी, फ्री साइजवर विश्वास ठेवू नका. चाटुचक बाजार मुख्यतः शनिवार-रविवारी, सकाळी लवकर जा. दुपारी भट्टी असते.

मध्यमपदलोपी :
आम्हीही काढतोय तिकिटं! नाश्त्याला धपाटे नेले तर किती टिकतील?

सुमी_ताई :
दह्यातले नकोत, उकाड्यात आंबतात. दुधातल्या दशम्या टिकतात. तिखटमिठाच्या पुऱ्या त्याहून बऱ्या. लोणचं मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत, तेल सुटतं.

बंडू_उवाच :
पुऱ्यांचं प्रमाण द्या ना ताई.

सुमी_ताई :
त्याचा वेगळा धागा आहे. शोध की.