नरकासुराच्या रात्री मोतीला कसं सांभाळू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यात फोंड्याजवळ सावईवेऱ्याला राहतो. आमचा कुत्रा मोती ११ वर्षांचा, बाबांची सावलीच. पहाटे बाबा कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) पाणी वळवायला निघाले की हा पुढे. सापाची चाहूल लागली तर वाटेत आडवा उभा राहतो, बाबांना पाऊल टाकू देत नाही. असा धीट जीव नरकासुराच्या रात्री (नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री इथे नरकासुराचे पुतळे मिरवतात) मात्र पलंगाखाली शिरून थरथरतो, तोंडातून लाळ गळते. कुत्र्यांचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण, त्यात रात्रभर कर्णे आणि फटाके! गेल्या वर्षी घाबरून पळाला, सापडेपर्यंत बाबांनी अन्नाला हात लावला नाही. यावर जनावरांचे डॉक्टर औषध देतात का? या वयात चालेल ना? दिवाळीच्या किती दिवस आधी दाखवू? अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.