मदत हवी आहे : वाकळीवरच्या हातटाक्यांसारखी अक्षरे गिंप या चित्र-संपादनाच्या संगणक प्रणालीत कशी करावीत?

सर्वांना नमस्कार.

मी खानापूर तालुक्यात राहते. आमच्या गावातील महिला बचत गट जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवतो. त्या बेळगावच्या एका प्रदर्शनात मांडायच्या असून त्यासाठी ए-४ आकाराचे माहितीपत्रक करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. वाकळीला आमच्या कन्नड शेजारणी कौदी म्हणतात, म्हणून शीर्षकात देवनागरीतील ‘वाकळ’ आणि त्याखाली कन्नड लिपीतील ‘कौदी’ असे दोन्ही शब्द घेतले आहेत. ही अक्षरे कापडावर हाताने शिवल्यासारखी दिसावीत, अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण ज्या बायकांनी एकेका वाकळीवर महिनोन्महिने टाके घातले आहेत त्यांच्या कामाच्या माथ्यावर छापील, निर्जीव अक्षरे मला बघवणार नाहीत.

मला कसुती, म्हणजे कर्नाटकातील पारंपरिक भरतकाम, नको आहे. तिच्यातील गवंती, मुरगी, नेयगी आणि मेंथी हे चारही टाके कापडाचे धागे मोजून घातले जातात, त्यामुळे ती संगणकावर चौकटींच्या आधारे उतरवणे तुलनेने सोपे आहे. वाकळीचा धावदोरा केवळ डोळ्यांच्या अंदाजाने पुढे सरकतो आणि मला नेमका तोच हवा आहे.

आतापर्यंत मी दोन प्रकारे प्रयत्न केला. प्रथम अक्षरांचा पाथ (आकाराची बाह्यरेषा) करून ‘स्ट्रोक पाथ’मधून तुटक रेघ ओढली, ती वळणांबरोबर व्यवस्थित वळली, परंतु अर्जावरच्या ‘येथून फाडा’ या खुणेसारखी सपाट दिसली. नंतर टाक्याच्या आकाराचा आडवा ब्रश करून त्याच पाथवर फिरवला. या वेळी दोरा दोऱ्यासारखा दिसला, मात्र सगळे टाके आडवेच राहिले, त्यामुळे कन्नड अक्षरांच्या गोलाईवर ते शिडीच्या पायऱ्यांसारखे उभे ठाकले आणि ‘वा’च्या कान्यावर तर एकमेकांवर चढले. शिवाय देवनागरी शब्दात जिथे एका अक्षराची शिरोरेखा दुसरीला मिळते, तिथे प्रत्येक सांध्यावर टाक्यांची एक नको असलेली उभी ओळ येते. गोलाई आणि शिरोरेखा या दोन्ही अडचणींवर उपाय कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद

ताई, नमस्कार. मी निपाणीत छपाईची अक्षरजुळणी करतो. तुमच्या दोन अडचणींची कारणे वेगवेगळी आहेत.

शिरोरेखेचे आधी पाहू. मजकुराचा थेट पाथ केला की प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा स्वतंत्र राहते आणि शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेखा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. तुम्हाला दिसणारी उभी ओळ तीच आहे. म्हणून मजकुराच्या थरावर (लेयरवर) ‘अल्फा टू सिलेक्शन’ करावे, म्हणजे संपूर्ण शब्दाची एकच सलग सीमा मिळते. मग ‘सिलेक्ट’मधील ‘श्रिंक’ने ती साधारण २० पिक्सेल आत घ्यावी, जेणेकरून टाके कापडाच्या काठाच्या आत पडतील, आणि त्यानंतर ‘टू पाथ’ करावे. त्यासाठी टंक (फॉन्ट) जाड घ्या. बारीक टंकात आत सरकायला जागाच उरत नाही.

टाके वळण्यासाठी ब्रशच्या पर्यायांत ‘डायनॅमिक्स’ म्हणून ‘ट्रॅक डायरेक्शन’ निवडावे आणि स्ट्रोक पाथच्या खिडकीत ‘इम्युलेट ब्रश डायनॅमिक्स’ या चौकटीवर खूण करावी. ही दुसरी खूण अनेकांची राहून जाते.

कान्यावर टाके चढतात, कारण ब्रश लांबट आहे आणि गिंप दोन ठशांमधले अंतर ब्रशच्या मापावरून ठरवतो. ब्रशची चौकट चौरस करा. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) एक मिलिमीटर म्हणजे सुमारे १२ पिक्सेल, म्हणून चार मिलिमीटरच्या टाक्यासाठी ४७ पिक्सेल पुरतात. तो ६० बाय ६० पिक्सेलच्या पारदर्शक चौरसाच्या मधोमध आडवा ठेवा. तो चौरस निवडून कॉपी करा आणि ‘पेस्ट ॲज’मधून ‘न्यू ब्रश’ करताना ‘स्पेसिंग’, म्हणजे दोन ठशांमधले अंतर, १०० टक्के द्या. ते २५ राहिले तर टाक्यांचा दोरखंड होतो.

माझा आग्रह असा की तो टाका रंगवू नका. एखाद्या वाकळीवरील एकच टाका तिरप्या उजेडात, जवळून टिपा, भोवतीचे कापड पुसून टाका आणि त्याचाच ब्रश करा. रंगीत ब्रश स्वतःचा रंग आणि पीळ घेऊन उमटतो. ठसे किंचित इकडेतिकडे हलवणारे ‘अप्लाय जिटर’ अगदी थोडे दिले की हाताचा अनियमितपणाही येतो.

शेवटची गोष्ट खोलीची. टाका शिवलेला वाटतो तो केवळ दोऱ्यामुळे नव्हे, तर दोरा कापडाला ओढून धरतो आणि दोन ओळींमध्ये कापड फुगते म्हणून. पांढऱ्या थरावर तोच पाथ काळ्या रंगाने ओढून धूसर करा आणि कापडाच्या थरावर ‘बंप मॅप’ (उंचसखलपणा दाखवणारा परिणाम) लावताना हा थर नकाशा म्हणून द्या. टाक्यांची सावली मात्र दोन-तीन पिक्सेलपेक्षा जास्त नको, नाहीतर दोरा कापडावर तरंगल्यासारखा दिसतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर

मनःपूर्वक आभार. गटातील सर्वांत वयस्क आजींच्या वाकळीवरचा पांढरा टाका टिपून ब्रश केला. शिरोरेखा सलग झाली आणि कन्नड गोलाईवरही टाके रेषेच्या अंगाने वळले. फक्त ‘क’च्या टोकाशी दोन टाके एकमेकांना भिडत होते. ते आजींना दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या की कोपऱ्यावर त्या स्वतः एक टाका मोकळा सोडतात. तिथला एक टाका मी खोडरबराने पुसला आहे.