दक्षिण सुदानला सुदानशी फारकत का घेता येत नाही?

नकाशावेडा: 2011 ला वेगळा झाला, बहुतेक तेलविहिरीही त्याच्याच वाट्याला आल्या. तरी जुबाचं (राजधानी) सरकार उत्तरेकडे बघितल्याशिवाय पाऊल टाकत नाही. असं का?

तेलघाणा: पाइपलाइनमुळे. दक्षिण सुदानमधल्या पालोचचं ‘दार ब्लेंड’ कच्चं तेल सुमारे 1,500 किलोमीटर वाहत सुदानच्या पोर्ट सुदान बंदराला पोहोचतं. हे तेल मेणचट. तापवणं आणि पंपिंग थांबलं की पाइपातच थिजतं. फेब्रुवारी 2024 मध्ये तेच झालं: युद्धक्षेत्रातल्या पंपिंग स्टेशनांना डिझेल मिळेना, पाइप फुटला, निर्यातीचा मोठा हिस्सा जवळपास वर्षभर अडकला. बंदर सुदानी सैन्याकडे आणि लाइनचा काही भाग तेव्हा सैन्याशी लढणाऱ्या आरएसएफ या निमलष्करी दलाच्या टापूत. त्यामुळे दोघांनाही सांभाळावं लागतं.

जमाखर्च: पैशांचंही बघा. सुदान बॅरलमागे 30 डॉलरहून जास्त मागत होता, म्हणून जानेवारी 2012 मध्ये जुबाने उत्पादनच बंद केलं. स्वतःच्याच पायावर धोंडा! सप्टेंबरच्या करारात लाइननुसार 9 ते 11 डॉलर शुल्क ठरलं, शिवाय सुदानला भरपाई म्हणून बॅरलमागे 15 डॉलर, एकूण 3.028 अब्ज फिटेपर्यंत.

नकाशावेडा: मग केनियातून लामू बंदराला लाइन?

तेलघाणा: कागदावरच. मेणचट तेलाला वाटेत तापवणारी यंत्रणा हवी, खर्च मोठा, आणि जुन्या विहिरींसाठी कर्ज कोण देणार?

जमाखर्च: दक्षिण सुदानच्या मित्रांमध्ये युगांडा सर्वात जवळचा. डिसेंबर 2013 आणि मार्च 2025, दोन्ही वेळा त्याने राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर यांच्यासाठी सैन्य धाडलं. गंमत म्हणजे कीर आणि त्यांच्या विरोधकांमधल्या 2018 च्या शांतता कराराचा तो हमीदारही आहे. चीनची सरकारी तेल कंपनी सीएनपीसी आणि आपली ओएनजीसी विदेश तेलात भागीदार आहेत.