मदत हवी आहे: डेंग्यूनंतर केस गळतायत, पीआरपीचं पॅकेज घेऊ का?

मोरपंखी_नाशिक

नमस्कार मंडळी. वय 36, गणपतीत डेंग्यू झाला होता. प्लेटलेट 38 हजारांवर आल्या, चार दिवस ॲडमिट होते. घरी आल्यावर पपईच्या पानांचा रस, किवी, सगळे सोपस्कार झाले आणि दिवाळीपर्यंत मी ठणठणीत. मग नोव्हेंबरच्या शेवटी केस गळायला लागले. नहाताना बोटांत पुंजकेच्या पुंजके येतात, मोरीच्या जाळीवरून रोज सुपारीएवढा गोळा निघतो. एका रविवारी बसून मोजले, 212 भरले. पोळीत केस निघाला की लेक काही न बोलता ताटाच्या कडेला ठेवतो, ते जास्त लागतं.

घाबरून एका हेअर क्लिनिकमध्ये गेले. डॉक्टर भेटल्याच नाहीत. 'काउन्सेलर' म्हणवणाऱ्या मुलीने मोबाईलला जोडलेल्या भिंगातून भांग दाखवला. स्क्रीनवर माझं डोकं म्हणजे कापणीनंतरचं शेत! पीआरपीच्या सहा बैठका, एकीचे 7,000, पण आज बुक केलं तर सगळ्या मिळून 33,000. सोबत बायोटिनच्या (एक जीवनसत्त्व) गमी. 2,000 टोकन भरून आले, बाकीचे शनिवारपर्यंत द्यायचेत.

एक बाळबोध शंका: पीआरपीत आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट काढून डोक्यात टोचतात ना? मग तीन महिन्यांपूर्वी ज्या बाईच्या प्लेटलेटच जमिनीला टेकल्या होत्या, तिच्या रक्तातून काय निघणार? हे विचारलं तर ती मुलगी नुसती हसली. कोणी करून घेतलंय का? खरंच उपयोग होतो?

आजीचा_बटवा

कांद्याचा रस लावा, रात्रभर. पैसे वाचतील.

गाळणी

वरच्या सल्ल्याने पैसे वाचतील आणि नवरा हॉलमध्ये झोपायला जाईल. :)

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे, बावीस वर्षं झाली. केसांतलं मला कळत नाही, पण सेंट्रिफ्यूजमधलं (रक्त गरगर फिरवून थर वेगळे करणारं यंत्र) कळतं. तुमची शंका बाळबोध अजिबात नाही. प्लेटलेटचं आयुष्य आठ-दहा दिवसांचं. शरीर सतत नव्या बनवत असतं, त्यामुळे डेंग्यूतून बरं झाल्यावर आकडा सहसा लवकरच पूर्वपदावर येतो. एक साधा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा, प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतील तर त्या बाजूने अडचण नाही.

आता पीआरपी कसं करतात ते सांगतो, म्हणजे तिथे काय विचारायचं ते कळेल. रक्त काढून गोठू नये म्हणून सायट्रेट असलेल्या नळीत घेतात. सेंट्रिफ्यूजमध्ये समोरासमोर सारख्या वजनाच्या नळ्या लावाव्या लागतात, नाहीतर यंत्र गिरणीसारखं थडथडतं. फिरवून काढलं की खाली लाल पेशी, वर पिवळा प्लाझ्मा आणि मधे कागदाएवढा पांढुरका थर. पहिली फेरी सावकाश घेतली तर बहुतेक प्लेटलेट पिवळ्या भागातच तरंगत राहतात. तो पिवळा भाग दुसऱ्या नळीत घेऊन जोरात फिरवला की त्या तळाशी बसतात. वरचा पातळ प्लाझ्मा काढून टाकायचा आणि तळचं थोडंसं ठेवायचं, ते पीआरपी.

आता गंमत बघा. 8 मिली रक्तातून प्लाझ्माच जेमतेम 4 मिली निघतो. तो सगळाच्या सगळा टोचला, तर प्लेटलेट रक्तातल्यापेक्षा फार तर दुप्पट. तीन ते पाचपट हव्या असतील तर रक्त जास्त घ्यावं लागतं आणि वरचं टाकून द्यावं लागतं. म्हणून दोनच प्रश्न विचारा: रक्त किती मिली घेणार आणि टोचणार किती? या दोन आकड्यांवरून बरंच कळतं. आणि नळीवर तुमचं नाव तुमच्यासमोर लिहिलं जातंय ना, हे डोळ्यांनी बघा.

टकलू_पण_हौशी

मी पुण्यात, वय 33. माझं आनुवंशिक आहे, बाबा, काका, आजोबा सगळे एका साच्यातले. चार बैठका घेतल्या, महिन्याला एक. भूल म्हणून आधी क्रीम लावतात, तरी कपाळाजवळच्या सुया डोळ्यांतून पाणी काढतात. टाळूवर मागे तितकं नाही. त्या रात्री डोकं भिजलेल्या गोधडीसारखं जड वाटतं, दुसऱ्या दिवशी ठीक.

फरक पडला. चार-पाच महिन्यांनी टाळूवरचे केस जाड दिसायला लागले, फोटो शेजारी ठेवले तर कळतं. कपाळाच्या कोपऱ्यांत मात्र काही उगवलं नाही, तिथे मूळच उरलं नव्हतं असं डॉक्टर म्हणाले. सोबत 5 टक्के मिनॉक्सिडिल (डोक्याला लावायचं औषध) चालू होतं, त्यामुळे श्रेय कोणाचं ते देव जाणे. नंतर दर सहा महिन्यांनी एक बैठक घ्यायची होती, ती मी दीड वर्ष टाळली आणि आहे ते हळूहळू परत पातळ झालं. म्हणजे थोतांड नाही, पण एकदाच पैसे भरून सुटका असंही नाही.

ताई, तुमचा प्रकार माझ्यासारखा वाटत नाही पण.

तळ्यात_मळ्यात

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. इथे निदान करत नाही, पण शनिवारची मुदत वाचून राहवलं नाही.

मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, अचानक केलेलं कडक डाएट, यानंतर दोन-तीन महिन्यांनी भसाभस केस गळतात. एरवी डोक्यावरच्या साधारण लाखभर केसांपैकी बहुतेक वाढीच्या अवस्थेत असतात आणि थोडे विश्रांतीत. तापाच्या धक्क्याने एकदम बरेच केस विश्रांतीत जातात, तीन महिने तिथेच अडकून राहतात आणि मग एकाच वेळी बाहेर पडतात. म्हणून ताप गणपतीत आणि गळती दिवाळीनंतर. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. मूळ शाबूत असतं, गळतीचं कारण दूर झालं की साधारण सहा महिन्यांत गळती आपोआप थांबते. नेमकं इथेच पीआरपीच्या जाहिराती छान चालतात: जे आपोआप उगवणार होतं, त्याचं श्रेय सहा बैठकांना!

पीआरपीचा त्यातल्या त्यात बरा पुरावा आहे तो आनुवंशिक केस विरळ होण्यावर. तिथेही अभ्यास बहुतेक छोटे, प्रत्येकाची बनवायची पद्धत निराळी आणि निकाल सारखे नाहीत. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणारी सरकारी संस्था) केसांसाठी म्हणून मान्यता दिलेली नाही. पुरुषांच्या टकलासाठी त्यांनी मिनॉक्सिडिलला 1988 मध्ये आणि फिनास्टेराइडला 1997 मध्ये मान्यता दिली. चाई पडली असेल तर तो आणखी वेगळाच आजार.

पण तुमचा भांग आधीपासून रुंद होत होता का? जुने फोटो काढून बघा. कधीकधी ताप हे निमित्त होतं आणि आत दडलेला आनुवंशिक प्रकार उघडा पडतो. तसं असेल तर उपचार बदलतात. म्हणून डर्मोस्कोपने (त्वचा तपासायचं भिंग) बघणारा माणूस पात्र हवा. जाड आणि बारीक केस शेजारीशेजारी दिसतात का, हे त्यात बघायचं असतं. भिंगाखाली तर कोणाचंही डोकं ओसाडच दिसतं.

सीबीसी, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करा. आणि त्या गमी तपासणीच्या काही दिवस आधी बंद करा. जास्त बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात, एफडीएने 2017 मध्ये तसा इशाराही दिला होता.

गाळणीकाकांच्या नावाच्या मुद्द्याला जोर देते. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोतल्या एका विनापरवाना स्पामध्ये 2018 मध्ये चेहऱ्यावर पीआरपी करून घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाली होती, त्यावर सीडीसीचा (तिथली रोगनियंत्रण संस्था) 2024 चा अहवाल आहे. आपलंच रक्त म्हणून धोका नाही, हे सुई आणि नळी आपलीच असेल तोवर खरं.

मोरपंखी_नाशिक

सगळ्यांचे आभार. शनिवारी पैसे भरले नाहीत. फोन करून गाळणीकाकांचे दोन प्रश्न विचारले, तर "मॅडम, ते डॉक्टर त्या दिवशी ठरवतील." टोकन परत मिळणार नाही, हवं तर फेशियलमध्ये वळतं करून देतील म्हणे.

जुने फोटो काढले. भावाच्या लग्नातला, आठ वर्षांपूर्वीचा, अंबाड्यासाठी मधोमध भांग पाडलेला. आणि डेंग्यूच्या आधीचा, जूनमधला. भांग सारखाच दिसतो.

मोरपंखी_नाशिक

पाच आठवड्यांनी अपडेट देतेय, कारण असे धागे अर्धवट सोडून जाणाऱ्यांचा मलाच राग येतो.

एमडी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी आधी वीस मिनिटं नुसतं विचारलं: पाळी, जेवण, झोप, ताप किती दिवस. मग थोडे केस चिमटीत धरून हलकेच ओढले, आणि आलेले केस पांढऱ्या कागदावर ठेवून टोकाचा पांढरा ठिपका दाखवला. भिंगाखाली केस जवळपास एकाच जाडीचे निघाले. प्लेटलेट 2.6 लाख, टीएसएच नॉर्मल, हिमोग्लोबिन 11.2 आणि फेरिटिन फक्त 9. पीआरपीचा विषय मीच काढला, तर म्हणाल्या, "आत्ता कशाला?" लोहाच्या गोळ्या दिल्यात, तीन महिन्यांनी परत बोलावलंय. कन्सल्टिंग 600 रुपये.

गळती पूर्ण थांबलेली नाही, परवाच्या रविवारी 130 भरले. पण कपाळाच्या कडेला बोटाच्या पेराएवढे नवे केस आलेत, ताठ, तेल लावलं तरी बसत नाहीत. सासूबाई म्हणतात जावळ आलंय.

एक राहिलंच. लोहाच्या गोळीनंतर चहा किती वेळाने चालतो? सकाळी सातची गोळी आणि सव्वासातचा चहा, इथे अडलंय.

तळ्यात_मळ्यात

दोन तास. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या.

मोरपंखी_नाशिक

दोन तास?? मग गोळीच अकराला ढकलते.