मदत हवी आहे: बाबांच्या नावावरची ठेकेदार नोंदणी भागीदारी संस्थेकडे नेताना कोणते क्रमांक बदलतात, आणि जुना अनुभव कसा टिकवावा?

नमस्कार.

माझे बाबा गेली बावीस वर्षे हवेली तालुक्यात गटारे, पाण्याच्या वाहिन्या, गावांतर्गत काँक्रीटचे रस्ते आणि संरक्षक भिंती अशी कामे ठेकेदार म्हणून करत आहेत. त्यांचा व्यवसाय एकमालकीचा असून जिल्हा परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे. मी स्थापत्य अभियंता आहे. चार वर्षे खासगी बांधकामांवर काम केल्यानंतर आता मी त्यांच्याबरोबर काम पाहते. ज्या गावांमध्ये बाबांची बहुतेक कामे झाली, त्यांतील बरीचशी २०१७ मधील अकरा आणि जून २०२१ मधील तेवीस गावांबरोबर पुणे महानगरपालिकेत गेली. त्यामुळे जी कामे पूर्वी ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेकडून निघत, ती आता महापालिकेकडून निघतात आणि तिथे आमची नोंदणीच नाही.

नवी नोंदणी करायचीच आहे, तर ती आम्हा दोघांच्या भागीदारी संस्थेच्या नावाने करावी असे घरात ठरले. भागीदारीचा मसुदा तयार आहे, सह्या अजून झालेल्या नाहीत. दरम्यान एका एजंटने आम्हाला सांगितले की बाबांचा जुना जीएसटी आजच रद्द करावा, म्हणजे नव्या संस्थेची कागदपत्रे करताना अडथळा राहणार नाही. घाईने अर्ज भरायलाही घेतला होता, पण मला शंका आली म्हणून मी तो थांबवला.

संस्था बदलल्यावर पॅन, जीएसटी, उद्यम (सूक्ष्म-लघु उद्योगांची नोंदणी), डिजिटल स्वाक्षरी यांपैकी नेमके काय नव्याने घ्यावे लागते आणि कोणत्या क्रमाने, हे मला समजून घ्यायचे आहे. माझी खरी काळजी मात्र वेगळी आहे. बाबांनी बावीस वर्षांत केलेली कामे नव्या संस्थेचा अनुभव म्हणून धरली जातील का? कागदावर संस्था कालची आहे म्हणून आम्हाला नवखे ठरवले गेले, तर तो त्यांच्या कष्टांवर अन्याय होईल असे मला वाटते. ज्यांनी हा बदल प्रत्यक्ष केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १ (नोंदणीकृत ठेकेदार, पिंपरी-चिंचवड)

एजंटचा अर्ज थांबवलात हे फार चांगले केलेत. जीएसटीबद्दल जाणकार लिहितीलच, मी डिजिटल स्वाक्षरीबद्दल सांगतो, कारण आमची एक निविदा त्यातच गेली. निविदांसाठी तिसऱ्या श्रेणीचे प्रमाणपत्र लागते. दुसऱ्या श्रेणीची प्रमाणपत्रे देणे १ जानेवारी २०२१ पासून बंद झाले आहे. तुमच्या बाबांचे टोकन (स्वाक्षरी साठवलेले यूएसबी उपकरण) महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावरील त्यांच्या जुन्या खात्याला जोडलेले असेल. तेच टोकन नव्या संस्थेच्या खात्याला जोडायला गेलात तर संकेतस्थळ ते स्वीकारत नाही. नव्या संस्थेसाठी सही कोण करणार हे आधी ठरवा, त्या व्यक्तीला दुसऱ्या भागीदाराने दिलेले मुखत्यारपत्र नोटरी करून घ्या आणि संस्थेचे नाव असलेले नवे प्रमाणपत्र घ्या. हे शेवटच्या दोन दिवसांवर ठेवू नका.

बयाणा रक्कम (निविदेसोबत भरायची अनामत) ज्या बँक खात्यातून भरली जाते, निविदा न लागल्यास ती त्याच खात्यात परत येते. म्हणून चालू निविदांचा निकाल लागेपर्यंत बाबांचे जुने खाते बंद करू नका.

प्रतिसाद २ (कर सल्लागार, पुणे)

ताई, या सगळ्याचे मूळ पॅनमध्ये आहे. एकमालकी व्यवसायाला कायद्याने स्वतंत्र अस्तित्व नसते. फलकावर व्यवसायाचे नाव काहीही असो, पॅन तुमच्या बाबांचा व्यक्तिगतच असतो. त्या दहा अक्षरांतील चौथे अक्षर पाहा, ते ‘पी’ असेल, म्हणजे व्यक्ती. भागीदारी संस्थेच्या पॅनमध्ये त्याच जागी ‘एफ’ येते. शासनाच्या नोंदींत ही दोन वेगळी माणसे आहेत, आणि पुढचे जवळजवळ सगळे क्रमांक या पॅनवरून ठरतात.

जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, आपल्याकडे २७. त्यानंतरची दहा अक्षरे म्हणजे पॅन जसाच्या तसा. पॅन बदलला की जीएसटी क्रमांक बदलणे अटळ आहे. जुन्या नोंदणीत दुरुस्ती करून भागीदारी आणता येत नाही, नवीनच नोंदणी घ्यावी लागते. व्यवसाय हस्तांतरित झाला असेल तर ज्याच्याकडे तो येतो त्याला हस्तांतराच्या तारखेपासून नोंदणी घ्यावी लागते, म्हणून करारनाम्यातली तारीख आणि नोंदणी अर्जातली तारीख जुळली पाहिजे.

आता जुनी नोंदणी रद्द का करायची नाही ते सांगतो. बाबांच्या खात्यात सिमेंट, पाइप, सळई यांवरील कराचा जमा शिल्लक असेल, तर तो आयटीसी-०२ या अर्जाने नव्या संस्थेकडे नेता येतो. त्यासाठी सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र लागते आणि नव्या संस्थेने संकेतस्थळावर तो स्वीकारावा लागतो. जुनी नोंदणी आधीच रद्द केली तर हा मार्ग बंद होतो. दुसरे असे की अडीच लाखांपेक्षा मोठ्या करारावर शासकीय कार्यालय बिलातून जीएसटीची २ टक्के कपात करते आणि ती रक्कम ज्या क्रमांकावर बिल असेल त्याच क्रमांकाच्या रोख खात्यात जमा होते. बाबांच्या नावाच्या कार्यारंभ आदेशांची बिले बाबांच्याच क्रमांकावर निघणार, त्यामुळे ती कामे संपून शेवटचे बिल मिळेपर्यंत तो क्रमांक चालूच हवा. पॅन वेगळे असल्याने दोन्ही नोंदण्या एकाच वेळी असण्यात काहीही गैर नाही. फक्त व्यवहार नसला तरी जुन्या क्रमांकाचे शून्य विवरणपत्र दर वेळी भरावे लागते.

उद्यमचेही तसेच. १ जुलै २०२० पासूनची ही नोंदणी पॅनशी बांधलेली आहे, म्हणून संस्थेला नवी घ्यावी लागेल. ती मोफत आहे, त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. तिच्याकडून अवाजवी अपेक्षाही ठेवू नका. सूक्ष्म व लघु उद्योगांना बयाणा रक्कम माफ करणारे २०१२ चे केंद्राचे धोरण वस्तू व सेवांच्या खरेदीसाठी आहे, बांधकामांच्या ठेक्यांसाठी नाही. उद्यमच्या भरवशावर बयाणा न भरता लिफाफा टाकणारे ठेकेदार मी दरवर्षी पाहतो आणि त्यांचा पहिला, म्हणजे पात्रतेच्या कागदांचा, लिफाफा तिथेच नाकारला जातो.

व्यवसाय कराची नावनोंदणी मात्र भागीदार म्हणून तुमची वेगळी लागेल. भागीदारी संस्थेची नोंदणी १९३२ च्या कायद्याप्रमाणे सक्तीची नाही हे खरे असले, तरी नोंदणी नसलेल्या संस्थेला करारातील हक्कासाठी न्यायालयात दावा लावता येत नाही. शासकीय बिले वर्षानुवर्षे अडकतात हे लक्षात घेता, संस्था निबंधकांकडे नोंदणी केल्याशिवाय पुढे जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

धागा सुरू करणारी

आपण दोघांनीही इतके नेमके सांगितलेत, मनापासून आभार. जीएसटीचा अर्ज आता पूर्णपणे मागे घेतला आहे. एक अडचण मी पहिल्या लेखनात सांगायला हवी होती. बाबांच्या काही कामांचे पूर्णत्वाचे दाखले ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर आहेत आणि त्या ग्रामपंचायती आता अस्तित्वात नाहीत. दोन कामांचे दाखले तर मिळालेलेच नाहीत, कारण तेव्हा बिल मिळाले की बाबा पुढच्या कामाला लागत. त्यांनी कधी कुणाकडे कागदासाठी हात पसरला नाही, आणि आता त्याच कागदांवाचून अडते आहे.

प्रतिसाद ३ (निवृत्त विभागीय लेखापाल)

तुमचा प्रश्न वाचून राहवले नाही. माझी सगळी नोकरी ठेकेदारांची बिले आणि मोजमाप पुस्तके तपासण्यात गेली. अनुभव हा काम करणाऱ्याचा असतो हे माणूस म्हणून मला मान्य आहे, परंतु तपासणाऱ्याच्या टेबलावर फक्त कागद येतो, आणि त्या कागदावरचे नाव निविदा भरणाऱ्याच्या नावाशी जुळावे लागते. नाव जुळत नसेल तर मधला दुवा तुम्ही दाखवायचा असतो.

आधी दाखल्यांविषयी. ग्रामपंचायत विलीन झाली तरी तिचे दप्तर नष्ट होत नाही, ते महापालिकेकडे वर्ग होते. जिल्हा परिषदेच्या निधीतून झालेल्या कामाचे मोजमाप तिथल्या शाखा अभियंत्याने नोंदवलेले असते, म्हणून अशा कामाचा माग जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागातही लागतो. प्रथम कार्यकारी अभियंत्यांच्या नावे साधा अर्ज करा. त्यात कामाचे नाव, कार्यारंभ आदेशाचा क्रमांक व दिनांक, आणि अंतिम बिलाचा दिनांक लिहा. उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात मोजमाप पुस्तकाच्या व अंतिम बिलाच्या साक्षांकित प्रती मागा. शुल्क दहा रुपये आहे आणि मुदत तीस दिवसांची. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवण्याची जबाबदारी त्यांची असते. बाबांच्या पॅनवर त्या वर्षी कापलेल्या आयकराचा २६-एएस उतारा सोबत जोडा. ग्रामपंचायतीने पैसे दिले होते याचा तो स्वतंत्र पुरावा आहे आणि तो कुणी नाकारू शकत नाही.

हे काम लांबवू नका, त्याचे कारण सांगतो. केंद्रीय दक्षता आयोगाच्या २००२ च्या सूचनांप्रमाणे समान स्वरूपाची कामे मागील सात वर्षांतली पाहिली जातात: अंदाजपत्रकाच्या ४० टक्के रकमेची तीन, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचे एक. पन्नास लाखांच्या कामासाठी वीस लाखांची तीन, पंचवीस लाखांची दोन किंवा चाळीस लाखांचे एक असा हिशेब होतो. अनेक निविदांमधल्या अटी याच धर्तीवर असतात. म्हणजे विलीनीकरणाच्या आधीची तुमच्या बाबांची कामे दरवर्षी एकेक करून मुदतीबाहेर जात आहेत.

आता भागीदारीबद्दल. निविदा क्षमता, म्हणजे ठेकेदाराला किती रकमेचे नवे काम झेपेल, ती काढण्याचे सूत्र ‘ए गुणिले एन गुणिले दोन, उणे बी’ असे असते. ‘ए’ म्हणजे मागील पाच वर्षांतील एका वर्षात केलेल्या कामांची सर्वाधिक रक्कम, ‘एन’ म्हणजे नवे काम पूर्ण करण्याची मुदत वर्षांत, आणि ‘बी’ म्हणजे त्या मुदतीत हातातल्या कामांवर करायचा उरलेला खर्च. समजा बाबांचे ‘ए’ ८० लाख आहे, मुदत सहा महिने आणि हातात ३० लाखांचे काम आहे. त्यांची क्षमता ५० लाख येते. नव्या संस्थेचे ‘ए’ शून्य धरले गेले तर ती पहिल्याच पायरीवर बाद होईल. म्हणूनच समोर आलेली निविदा बाबांच्या नावाने, जुन्या नोंदणीवर जिथे चालते तिथेच भरा. महापालिकेच्या नोंदणीचा अर्ज करतानाही एकमालकीतून भागीदारीत गेलेल्या ठेकेदाराला जुना अनुभव कोणत्या अटीवर देतात, हे त्यांच्या नोंदणी नियमांत वाचा आणि लेखी विचारा. तोंडी उत्तरावर एकही पाऊल टाकू नका.

मसुद्यावर सह्या झालेल्या नाहीत, ही तुमची जमेची बाजू आहे. त्यात एक कलम स्पष्ट शब्दांत घाला की बाबांचा अमुक नावाचा एकमालकी व्यवसाय सर्व मालमत्ता, देणी, यंत्रसामग्री, चालू करार आणि नोंदण्यांसह चालू स्थितीत संस्थेने ताब्यात घेतला आहे. हे कलम नसल्यामुळे वडिलांची कामे मुलाच्या संस्थेला दाखवता न आल्याची प्रकरणे मी स्वतः हाताळली आहेत. नंतर पुरवणी करार करून ते घालता येते, पण तपासणाऱ्याला तो मागाहून जुळवलेला वाटतो. शिवाय बाबांचा हिस्सा मोठा ठेवा. निविदा सूचनेत भागीदारांच्या अनुभवाबद्दल काही लिहिले नसेल, तर निविदापूर्व बैठकीत लेखी प्रश्न द्या. त्याचे उत्तर शुद्धिपत्रक म्हणून प्रसिद्ध झाले की ते सर्वांना लागू होते.

प्रतिसाद ४ (सनदी लेखापाल)

वरील प्रतिसादात एकच भर घालते. उलाढालीचे प्रमाणपत्र घेताना त्यावर अठरा अंकी यूडीआयएन (सनदी लेखापालाच्या प्रत्येक दस्तऐवजाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) आहे ना ते पाहून घ्या. १ फेब्रुवारी २०१९ पासून प्रमाणपत्रांसाठी तो सक्तीचा आहे आणि तपासणारे तो ऑनलाइन पडताळतात. बाबांची उलाढाल आणि संस्थेची उलाढाल यांची प्रमाणपत्रे वेगळी घ्या, एकत्र बेरीज करून घेऊ नका. कामगार वीस झाले की भविष्य निर्वाह निधीचा आणि दहा झाले की कर्मचारी राज्य विम्याचा क्रमांक लागतो. तो संस्थेच्या नावाने घेण्यापूर्वी बाबांच्या नावाने आधीच आहे का ते बघा.

धागा सुरू करणारी

काका, आपला प्रतिसाद मी बाबांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग उठून लोखंडी कपाटातून त्यांच्या जुन्या डायऱ्या काढून आणल्या. २००९ पासूनच्या प्रत्येक कामाचा कार्यारंभ आदेश क्रमांक, मोजमाप घेतल्याची तारीख आणि शाखा अभियंत्याचे नाव त्यांनी लिहून ठेवले आहे. मागील सात वर्षांत बसणारी अकरा कामे त्यातून निघाली. दाखले नसलेल्या दोन कामांपैकी एक २७ लाखांचे आहे.

आम्ही असे ठरवले आहे: ताब्यात घेण्याचे कलम घालून मसुदा पुन्हा लिहून घेणे, त्यानंतरच सह्या आणि निबंधकांकडे नोंदणी, मग पॅन, जीएसटी, उद्यम आणि नवे बँक खाते, बाबांचे सगळे क्रमांक व खाते चालू कामे संपून सुरक्षा ठेव परत मिळेपर्यंत जसेच्या तसे. दोन दाखल्यांचे अर्ज सोमवारी देते आहे. एक शेवटची शंका उरते: आमचा उत्खनक आणि रोलर बाबांच्या नावावर आहेत, ते संस्थेचे म्हणून दाखवायला आरटीओकडे नाव बदलावेच लागेल का?

प्रतिसाद ५ (निवृत्त विभागीय लेखापाल)

बाबांना माझा नमस्कार सांगा. डायऱ्यांच्या त्या पानांच्या प्रती अर्जाला जोडा, शोधणाऱ्या कारकुनाचे निम्मे काम होईल.

यंत्रांबाबत निविदेत ‘स्वमालकीची’ असे लिहिले असेल तर नोंदणी पुस्तकावर संस्थेचे नाव हवे. ‘स्वमालकीची किंवा भाड्याची’ असे असेल तर बाबा आणि संस्था यांच्यातला नोटरी केलेला भाडेकरार चालतो. मात्र तीच यंत्रे बाबांच्या चालू कामावर दाखवलेली असतील, तर ती मोकळी होण्याची तारीख त्या करारात लिहा.