घरच्या तीन लिनक्स संगणकांना एलडॅप कशाला?

सामायिक फायलींचा मालक चुकीचा दिसतो या तक्रारीवर, तीन संगणकांसाठी एलडॅप (सगळ्यांची खाती एकाच सर्व्हरवर ठेवणारी व्यवस्था) बसवावे, ही कोणीतरी दिलेली सूचना शिकण्याच्या हौसेपुरती ठीक आहे. ठाण्यातल्या टू बीएचकेत रोजच्या वापराला मला ती जड वाटते. मूळ तक्रार एवढीच आहे, की एनएफएसवरील (नेटवर्कवरून फोल्डर वाटून घेण्याची सोय) सामायिक फोल्डरमध्ये मुलीच्या फायली दुसऱ्या संगणकावर वडिलांच्या नावाने दिसतात. याचे कारण असे, की नेहमीच्या मांडणीत एनएफएस मालक ओळखते ते नावावरून नव्हे, तर क्रमांकावरून. आणि उबुंटू व डेबियनवर पहिल्या खात्याला, ते कोणाचेही असो, १००० हाच क्रमांक मिळतो. त्यामुळे एका संगणकावर जो क्रमांक मुलीचा, तोच दुसऱ्यावर वडिलांचा असू शकतो.

म्हणून वडील १००० आणि मुलगी १००१ असे एकदा ठरवून ‘यूजरमॉड’ या आज्ञेने सगळीकडे तेच क्रमांक द्यावेत. दोघांचे क्रमांक अदलाबदल करायचे असतील, तर एकाला आधी मोकळ्या क्रमांकावर हलवावे लागते, कारण आधीच वापरात असलेला क्रमांक ती आज्ञा सहसा स्वीकारत नाही. शिवाय ती फक्त होम फोल्डरमधील फायलींची मालकी बदलते. बाहेरच्या फायलींची मालकी ‘चाउन’ या आज्ञेने आपणच बदलावी, आणि खात्याच्या गटाचा क्रमांक ‘ग्रुपमॉड’ने. पासवर्ड प्रत्येक संगणकावर वेगळा बदलावा लागेल, हे खरे. पण आमच्या सोसायटीसारखा जनरेटर लिफ्टपुरताच असेल, तर वीज गेल्यावर एलडॅपचा सर्व्हर बंद पडतो, आणि लॅपटॉपवरचे स्थानिक खाते मात्र बिनदिक्कत उघडते.