सुरीच्या म्यानात शहामृगाचं कातडं बसत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. हुरड्याच्या दिवसांत शेतावर वापरायच्या सुरीसाठी म्यान करतोय. मूळ कातडं कोल्हापुरी चपलेचं असतं तसं, बाभळीच्या सालीने कमावलेलं, ३ मिमी. (क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं मुद्दाम टाळलं, त्यात पातं गंजतं.) दोन थरांमध्ये पट्टी घातली आहे, म्हणजे धारेने दोरा कापणार नाही. इथवर ठीक.

घोडं अडलंय ते नक्षीपाशी. वरच्या थरात पानाच्या आकाराची खिडकी कापून मागून शहामृगाचा तुकडा लावला. घोरपड, साप नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. पण शहामृगाच्या कातड्यावर पिसांच्या मुळांचे फुगवटे असतात. खिडकीच्या कडेखाली ते आले की कड उचलते. रापीने मागून तासायला गेलो तर एक फुगवटा आरपार गेला! तुकडा महाग, दुसरा नाही.

फुगवटे कडेपासून किती लांब ठेवता? म्यान ओलं करून सुरीवर बसवायचं ते नक्षी शिवण्याआधी की नंतर? आणि सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे, गाडीत ठेवलं की रबर सोल्यूशन सुटतं. कडेने मेणाच्या दोऱ्याची शिवण घातली तर पुरेल का?